‘वार’ म्हणजे आठवडा

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, १५ मे २०२१ ला, दवाखान्याचं शटर वर करायला गेलो तर पायरीवर एक आजी येऊन बसल्या होत्या. सोबत मुलगा. लॉकडाऊन होता, म्हणून वाटेत पोलिसांना दाखवायला त्यानं आजींचं लसीचं कार्ड शर्टाच्या खिशात वरच ठेवलं होतं. २६ मार्चला कोविशिल्डचा पहिला डोस झालेला आणि कार्डाच्या मागे सिस्टरांनी निळ्या पेनानं ‘६ ते ८ आठवडे’ असं लिहिलेलं. त्या दिवशी सात आठवडे आणि वर एक दिवस झाला होता. तरी त्यांना आरोग्य केंद्रातून लस न देता परत पाठवलं होतं. शेजारच्या कुणीतरी मोबाईलवर आलेला कानडी आदेश वाचून सांगितलं होतं, की दोन डोसांत आता ‘बारा ते सोळा वार’ पाहिजेत.

मुलाचा चेहरा उतरला होता. “डॉक्टर, बारा-सोळा वार म्हणजे आमचं एप्रिलातच टळून गेलं की हो. पहिला डोस वाया गेला काय?”

कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. मराठी वाचणाऱ्याला वार म्हणजे दिवस. सांगणारा खोटं बोलला नव्हता, त्यानं अक्षरं बरोबर वाचली होती. मी त्यांना आत बसवलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर धरलं आणि २६ मार्चपासून बोट ठेवत ८४ दिवस मोजले. १८ जून. ती तारीख कार्डावर मराठीत लिहून दिली. केंद्र सरकारनं हे अंतर वाढवल्याचं १३ मेला जाहीर केलं होतं. मला ते १४ तारखेच्या रात्री कळलं. आजी १५ तारखेच्या सकाळी आल्या. एक रात्र उशीर झाला असता तर मीही त्यांना सांगितलं असतं, “सात आठवडे झालेत, जावा की परत, देतील.” त्या पुन्हा तिथवर गेल्या असत्या आणि पुन्हा रिकाम्या हातानं आल्या असत्या.

माझा दवाखाना बेळगावपासून तासाभराच्या वाटेवर आहे. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याची हद्दही लांब नाही. माझी शाळा मराठी माध्यमाची, कानडी तिसरी भाषा. पाटी वाचता येते, पेशंटशी बोलता येतं, पण सरकारी सुत्तोले वाचायला वेगळीच तयारी लागते. (सुत्तोले म्हणजे परिपत्रक.) साथ सुरू झाल्यापासून डॉक्टरांच्या ग्रुपवर रोज काहीतरी येत होतं. लसीकरण सुरू झाल्यावर ते दिवसातून दोन-तीनदा येऊ लागलं. लस टोचण्याचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं. पण गावात लसीबद्दलचा प्रश्न पहिल्यांदा आमच्यासारख्याच्या टेबलावर येतो. घरच्यांचा बीपी आणि साखर जिथं बघतात, तिथंच माणूस विचारतो, “घेऊ काय डॉक्टर?”

सुरुवात आमच्या स्वतःच्या नोंदणीपासून झाली. डिसेंबर २०२० मध्ये खासगी दवाखान्यांतल्या माणसांची यादी मागवली गेली. केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्यांसाठीच्या कर्नाटकच्या कायद्याखाली नोंदलेला दवाखाना असला की यादी द्यायची: नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, मोबाईल. माझ्याकडे चारच माणसं. तरी दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आमच्या आयाबाईंच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष. त्यांच्या नावात वडिलांचं नाव कुठं आणि आडनाव कुठं, हे आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं. मोबाईल नंबर त्यांनी मुलाचा दिला, तो कामाला कोल्हापूरला. पुढं लसीचा मेसेज त्याच्या फोनवर गेला, त्यानं तो दुसऱ्या दिवशी बघितला आणि बाईंचा ठरलेला दिवस हुकला. दुसऱ्या वेळी त्यांना मी स्वतः गाडीवरून नेलं. तेव्हापासून एक नियम करून टाकला, की ज्याचा फोन घरात राहतो, त्याचाच नंबर द्यायचा.

१६ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरण सुरू झालं ते आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. पुण्याहून लसीची गाडी बेळगावला आली, कारण राज्याचा एक विभागीय साठा बेळगावातच आहे. आमच्या जुन्या पेशंटांना यात काही नवल वाटलं नाही. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो त्यांना लहानपणापासून माहीत. इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस तयार व्हायची. ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. कुणी आजोबा कोरोनाच्या लसीला नको म्हणाले, की मी त्यांना दंड दाखवायला सांगायचो. दंडावर देवी काढल्याचा गोल वण असायचाच. “ही कुणी टोचली होती? तेव्हा तुम्ही किती रडला असाल! पण देवी गेली का नाही गावातून?” १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, हे मी त्यांना सांगायचो. पण वर्षापेक्षा तो वण जास्त बोलायचा.

मी स्वतः जानेवारीच्या अखेरीस घेतली. अर्धा तास बसवून ठेवलं, रात्री अंग दुखलं, थोडा ताप आला, सकाळी दवाखाना उघडला. त्या आठवड्यात जो आला त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. ताप लपवला असता आणि पुढं त्यांना आला असता, तर परत कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

खरी कसोटी १ मार्चपासून लागली. साठीच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली, पण ४५ ते ५९ वयाच्या माणसाला ठरलेल्या २० आजारांपैकी एखादा असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा होता. आमच्याकडे रांग लागली. लोकांना वाटे, बीपीची गोळी चालू आहे म्हणजे दाखला मिळणार. यादी वाचली तर तसं नव्हतं. हृदयाचं दुखणं होतं, डायलिसिस होतं, कॅन्सर होता. पण मधुमेहाच्या रकान्यात दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा मधुमेह आणि सोबत उपचार चालू असलेला रक्तदाब, असं लिहिलेलं. नुसत्या बीपीवर सही करता येत नव्हती. दाखल्याच्या तळाशी, खोटी माहिती देणं गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे, असं छापलेलं होतं आणि त्याखाली माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक.

एक माणूस, वय ५२, बीपीचा, माझा दहा-बारा वर्षांचा पेशंट. त्याच्या थोरल्या भावाला पहिल्या लाटेनं नेलं होतं. तो म्हणाला, “सही करून द्या डॉक्टर, तुमचं काय जातंय?” मी नाही दिली. त्या रात्री मला झोप आली नाही. आजही त्या नकाराबद्दल माझं मन पूर्ण मोकळं नाही. नियम पाळला, पण तो नियम वैद्यकीयदृष्ट्या मला तेव्हाही अपुरा वाटत होता. आमच्या भागात ५२ वर्षांचा बीपीचा माणूस हा धोक्यातलाच माणूस. १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना दाखल्याशिवाय लस खुली झाली. त्या दिवशी सकाळी पहिला फोन मी त्याला केला. तो गेला, घेऊन आला.

उलट बाजूचंही सांगतो. एक काकी प्लास्टिकच्या पिशवीत २००८ सालापासूनच्या सगळ्या औषधाच्या चिठ्ठ्या सांभाळून होत्या. कुरतडलेल्या, हळद लागलेल्या. त्या पिशवीवरून त्यांचा मधुमेह दहा वर्षांच्या वरचा ठरला, बीपीची गोळीही चालूच होती, आणि दाखला पाच मिनिटांत झाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, जुनी चिठ्ठी टाकू नका.

मे महिन्यात तर नियमांनी श्वास घेऊ दिला नाही. १ तारखेला १८ वर्षांवरच्यांना परवानगी आली, १४ तारखेपासून आमच्या राज्यात १८ ते ४४ वयाचं काम तात्पुरतं थांबलं, कारण साठा दुसऱ्या डोसासाठी हवा होता. मधेच अंतर १२ ते १६ आठवडे झालं, पण ते फक्त कोविशिल्डचं. कोव्हॅक्सिनचं चार ते सहा आठवडेच राहिलं. म्हणून कार्डावर कुठली लस आहे हे बघितल्याशिवाय तारीख सांगायची नाही, हे मी कंपाउंडरला दहादा बजावलं. १७ मेला रक्ताच्या गुठळ्यांबद्दलची माहिती आली. देशभरात संशयित २६ प्रकरणं, दहा लाख डोसांमागे ०.६१. संख्या लहान, पण माझ्यासाठी त्यातली कामाची ओळ वेगळी होती: लस घेतल्यापासून २० दिवसांत धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, टोचलेल्या जागेपासून दूर लाल ठिपके किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल तर दुर्लक्ष करायचं नाही. एका तरुण शिक्षिकेला अकराव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. तिला त्याच दुपारी प्लेटलेट तपासायला बेळगावला पाठवलं. सगळं ठीक निघालं. ती ओळ वाचली नसती तर मी तिला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं असतं.

आणि १९ मेला आणखी एक: कोरोना होऊन गेलेल्यानं बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. त्याआधी चार ते आठ आठवडे सांगत होतो. दुसऱ्या लाटेत घरंच्या घरं आजारी पडलेली. कितीजणांना मी स्वतः जुना आकडा सांगितला होता! फोन करून एकेकाला नवा सांगावा लागला. त्याच सूचनेत बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायांना लस चालेल असं होतं. गरोदर बायांना मात्र २ जुलैपर्यंत वाट बघावी लागली.

याच गोंधळात मी एक वही घातली. शंभर पानी, शाळेची. डाव्या पानावर तारीख आणि काय बदललं, उजव्या पानावर कुणासाठी बदललं आणि कधीपासून लागू. केंद्राची सूचना इंग्रजीत वाचायची, मग राज्याचा आदेश कानडीत. कानडी अडलं की आमच्याच गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांना फोन. त्यांनी मला फलानुभवी म्हणजे लाभार्थी, अर्हरू म्हणजे पात्र, मार्गसूची म्हणजे मार्गदर्शक सूचना, हे सगळं न कंटाळता शिकवलं. रात्री साडेनऊला जेवणावरून उठून वाचून द्यायचे. ‘अंतर’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला तेव्हा आम्हा दोघांनाही बरं वाटलं. तिसरं काम सकाळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना विचारायचं, आज लस आहे का. कारण नियम कागदावर लागू झाला तरी कुपी यायची असते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, उघडल्यापासून चार तासांत संपवायची. चारच माणसं जमली असतील तर सिस्टर थांबायला सांगायच्या, ते त्यांचं बरोबरच होतं. मग मी आणखी सहाजणांना फोन लावायचो.

एवढं झालं की दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. वर मराठी, खाली कन्नड, कन्नड मास्तरांच्या हस्ताक्षरात. आठवड्याचा आकडा आला की मराठीतही आम्ही ‘आठवडे’ लिहून पुढं कंसात दिवस घालायचो. ८४ दिवस. दिवसाच्या आकड्यात गफलत होत नाही.

हद्दीपलीकडच्यांचा प्रश्न वेगळा. चंदगडकडची माणसं शिनोळीवरून बेळगावला औषधपाण्याला पिढ्यान्‌पिढ्या येतात. लस देशात कुठेही घेता येत होती. पहिला डोस तिकडं, दुसरा इकडं चालत होता, फक्त तीच लस, तोच मोबाईल नंबर आणि तेच ओळखपत्र हवं. पण ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही डोस झालेल्यालाही महाराष्ट्रातून येताना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर दाखला मागत होते. डायलिसिसच्या माणसाला आठवड्यातून दोनदा हे कसं जमावं? अशा पेशंटांना मी माझ्या लेटरहेडवर उपचाराच्या तारखा लिहून द्यायचो. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही व्हायचा.

१८ जूनला पाऊस धरला होता. आजी इरलं पांघरून आल्या, त्या थेट केंद्रावर. कार्डावरची माझी तारीख दाखवली. त्या दिवशी साठा नव्हता. सिस्टरांनी मला फोन केला, मी मुलाला सांगितलं, आजींना दवाखान्यात बसवून चहा द्या, घरी नेऊ नका, दुपारच्या गाडीचं विचारतो. गाडी दुसऱ्या दिवशी आली. शनिवारी सकाळी त्यांचा दुसरा डोस झाला आणि अर्धा तास बसून झाल्यावर त्या दवाखान्यात डोकावल्या. मी वही काढून त्यांच्या नावापुढं खूण केली. त्यांनी वाकून ती बघितली आणि विचारलं, “आता सुनेचं कधी? तिला सातवा लागलाय.” गरोदर बायांची परवानगी अजून यायची होती. मी उजव्या पानावर सुनेचं नाव लिहून ठेवलं. २ जुलैला बातमी आल्यावर त्या यादीतला पहिला फोन तिथंच गेला.