सातारा-सांगलीच्या मातीचे जलरंग : सहा वड्यांपैकी चार तयार

ठरवलेला संच रंगाच्या सहा वड्यांचा : जांभ्याचा तांबडा, पिवडी (पिवळी माती), भाजलेली पिवडी, कृष्णाकाठची काळी माती, काजळी आणि सांगलीची हळद. आज चार वड्या कागदावर चालतात. काळी माती बाद झाली, हळद कसोटीवर आहे.

आधी माती कुठून घ्यायची ते. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला बेसाल्टवर जांभ्याचा थर आहे. त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे एकाच खोदाईत तांबडा, नारिंगी आणि पिवळा असे पट्टे मिळतात. घराच्या पायाची खोदाई चालू असेल तिथे मालकाला विचारून एक-दोन किलो माती घ्यावी, पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत. कासच्या पठारावरून मात्र चिमूटभरही माती उचलू नये. तिथली सगळी फुलं कातळावरच्या पातळ थरावर जगतात, आणि २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे.

रंगाचा कस ठरतो तो धुण्यात. बरेच जण माती मिक्सरमध्ये फिरवतात, वस्त्रगाळ करतात आणि थेट डिंकात घोटायला घेतात. त्यात वाळूचाही भुगा होऊन रंगात मिसळतो. या भुग्याला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तांबडा फिका आणि मळकट दिसतो. त्यापेक्षा माती न कुटता भिजवावी. एक किलो मातीला पाच लिटर पाणी घालून रात्रभर ठेवावं, सकाळी हाताने कुस्करून ढवळावं आणि घड्याळ लावावं. ३० सेकंदांत वाळू तळाला बसते, तेवढ्यात वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावं. तिथे पाच मिनिटं थांबून पुन्हा फक्त वरचं पाणी तिसऱ्या बादलीत घ्यावं. दोन्ही वेळा वरचं साधारण दहा सेंटिमीटर पाणीच घ्यायचं, हे वेळेचं गणित तेवढ्या खोलीचं आहे. तिसऱ्या बादलीत उरतो तो खरा रंग, बोटांत चोळला तर साबणासारखा लागणारा. दुसऱ्या बादलीतला गाळ फेकू नये. त्याचा रंग कागदावर दाणेदार बसतो आणि कातळ, जुनी तटबंदी रंगवायला फार उपयोगी पडतो.

तिसरी बादली निवळायला दोन-तीन दिवस लागतात. घाई म्हणून तुरटी फिरवली तर तासाभरात पाणी नितळ होतं, पण मग गाळ निदान तीन पाण्यांनी धुवावाच लागतो. तुरटी किंवा मीठ आत राहिलं की वाळलेल्या चित्रावर पांढरी खार फुटते. आमची जांभ्याची पहिली खेप यातच गेली.

डिंकाचं थोडक्यात. किराणा दुकानात ‘डिंक’ या एका नावाखाली तीन-चार झाडांचे डिंक विकतात. दोन खडे वाटीभर पाण्यात रात्रभर टाकून ठेवावेत. पूर्ण विरघळला तर कामाचा, जेलीसारखा फुगून बसला तर परत करावा. बाभळीचा स्वच्छ, फिकट डिंक चांगला चालतो. ५० ग्रॅम डिंक १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवावा (उकळू नये) आणि मलमलीतून गाळावा. या डिंकपाण्याच्या चार भागांना एक भाग मध आणि सगळ्यात मिळून लवंगतेलाचे तीन थेंब. मधामुळे वाळलेली वडी ओल्या ब्रशला लगेच रंग देते. मध जास्त झाला तर पावसाळ्यात वडी चिकट राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. साताऱ्याच्या हवेत जून ते सप्टेंबर वड्या भरूच नयेत, तेवढ्यात माती धुऊन वाळवून ठेवावी.

घोटायला फूटभर चौरस जाड काच आणि सपाट बुडाचा काचेचा पेपरवेट पुरतो. काच गुळगुळीत असेल तर पेपरवेट नुसता घसरतो, म्हणून २२० नंबरच्या कारबोरंडम पावडरीने (काच घासायची कठीण भुकटी) पाणी लावून ती आधी खरवडून घ्यावी. दोन चमचे कोरडा रंग, मधे खळगा, त्यात दोन चमचे डिंकपाणी. चपट्या सुरीने कालवून आठच्या आकड्यात घोटत राहायचं. सुरुवातीला काचेवर बारीक करकर ऐकू येते. पंधरा-वीस मिनिटांनी ती थांबते, पेपरवेट उचलताना काचेला ओढ लागते आणि रंगाला सायीसारखी तकाकी येते. हा आवाज कधी थांबतो याकडेच कान हवा.

प्रमाण बरोबर आहे का हे कागदच सांगतो. एक पट्टा मारून पूर्ण वाळू द्यावा आणि कोरड्या बोटाने घासावा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी आहे. पट्टा चकाकतो आणि कागद वाकवल्यावर तडकतो, तर डिंक जास्त आहे.

भाजलेली पिवडी या संचातली सगळ्यात सुंदर वडी झाली आहे. पिवळ्या मातीतलं लोह पाणी धरून असतं. साधारण २५० ते ३०० अंशांना ते पाणी निघून जातं आणि पिवळा तांबडा होतो. पूर्ण वाळलेल्या पिवडीचा तीन-चार मिलिमीटर थर लोखंडी तव्यावर पसरून अंगणात, मोठ्या आचेवर उलथन्याने सतत हलवावा. दर दहा मिनिटांनी चमचाभर बाजूला काढून कागदावर ठेवला की गव्हाळ ते विटकरी अशी आठ-दहा छटांची माळ तयार होते. गरम असताना रंग काळपट दिसतो आणि निवल्यावर उजळतो. म्हणून तव्यावर पाहून गॅस बंद करण्याचा निर्णय घेऊ नये, निवलेला नमुना पाहूनच घ्यावा. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

काळी माती का हरली? कृष्णाकाठची ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, उन्हाळ्यात रानात भेगा पडतात ते याचमुळे. वडीतही तेच झालं. मध वाढवला, तीन पातळ थरांत भरली, सावलीत वाळवली, तरी चौथ्या दिवशी जाळीदार तडे. शिवाय ओली असताना जो काळा दिसतो, तो कागदावर वाळला की राखाडी-तपकिरी होतो. आता काळ्याचं काम एकटी काजळीच करते. पणतीवर पितळी ताटली उलटी धरून जमवलेली काजळी पाण्यावर तरंगते, भिजतच नाही. आधी स्पिरिटचे दोन-तीन थेंब टाकून कालवावी आणि मग डिंकपाणी घालावं.

काजळीचा एक गुण मुद्दाम सांगतो. संचात निळा रंग नाही, पण काजळीचा अगदी पातळ हात भाजलेल्या पिवडीशेजारी मारला तर तो स्पष्ट निळसर दिसतो. मेणवलीच्या घाटाच्या एका अभ्यासचित्रात आभाळ आणि पाणी दोन्ही एवढ्यावर निघालं. रंग कमी असले की डोळा शेजारसंबंध शोधायला लागतो. नवीन शिकणाऱ्याने महिनाभर तरी याच चार वड्यांवर काम करावं असं आमचं ठाम मत आहे.

हळदीचं काम असं : ५० ग्रॅम हळद धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली की लालसर तपकिरी अर्क उतरतो. तो गाळून त्यात तुरटीचं पाणी थोडं थोडं ओतायचं. फेस जोरात येतो, म्हणून भांडं चौपट मोठं घ्यावं. लाल जाऊन पिवळा साका तळाला बसतो, तो धुऊन वाळवावा. लिटमस कागदावर सोड्याचा अंश दिसला तर आणखी तुरटी घालावी, नाहीतर रंग विटकरीकडे झुकतो. पिवळा झळझळीत आहे, अडचण उन्हाची आहे. हळदीतला रंग उजेडात टिकत नाही. नमुन्याचा अर्धा पट्टा काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावला आहे. आठव्या दिवशी उघडा भाग फिकट झालेला उघड दिसतो. चित्रवहीत, बंद पानांत, ही वडी चालेल. भिंतीवर लावायच्या चित्रात पिवडीच वापरावी.

पुढच्या खेपेला दुसऱ्या बादलीतल्या दाणेदार तांबड्याची वेगळी वडी भरायची आहे. त्याला डिंकपाणी तीन भागांना मध एक भाग असं धरून पाहतो आहोत.