साठ पैशांची शिक्षा

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी चिकटवायची खळ शिजवत होतो. एक हात पळीवर, दुसऱ्यात फोन. "काका, बोलायला वेळ आहे ना?" वेळ भरपूर होता, पण खळ खाली लागली असती. आधी गॅस बंद केला, मग हो म्हटलं.

निवृत्त बँक कारकुनाच्या स्वयंपाकघरात खळ कशाला, हे सांगायचं तर सातवीच्या गणिताच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल. त्यात माझी थोडी अब्रू जाईल. जाऊ दे, पासष्टी उलटल्यावर तिला विचारतो कोण!

मी १९७० साली पाचवीत आलो. त्या काळी वाईत नवी कोरी पुस्तकं घेणारी मुलं वर्गात पाच-सहा. बाकीच्यांचा बाजार १ मेला, निकालाच्या दिवशी, शाळेच्या पायऱ्यांवर भरायचा. प्रगतिपुस्तक हातात पडलं की पास झाल्याचा आनंद बाजूला ठेवून सगळे वरच्या वर्गातल्या पोरांच्या मागे धावायचे. दर ठरलेला असे. नवं पुस्तक घेणारा ते पाऊण किमतीला विकणार, दुसरा निम्म्या किमतीला, तिसरा पाव. कोणी घासाघीस करत नसे. पहिल्या पानावर मालकांची नावं एकाखाली एक आणि शेजारी पेन्सिलीने रक्कम. नाव किती खाली आहे ते बघितलं की किंमत कळली.

जुन्या पुस्तकाची मजा नव्याला नाही, हे माझं मत आजही कायम आहे. समासात आधीच्या मालकाची टिपणं असायची. एखाद्या प्रश्नाशेजारी 'हे आलं होतं' एवढंच लिहिलेलं. पानात जाळी पडलेलं पिंपळाचं पान. एकदा भूगोलात मला एसटीचं तिकीट सापडलं होतं, पाचगणीचं. कोण गेलं असेल, कशाला, याचा विचार करण्यात माझा महाराष्ट्रातल्या नद्यांचा धडा वाहून गेला.

तर ते गणित. छापील किंमत २ रुपये ४० पैसे. मी दुसरा मालक, म्हणून १.८० ला घेतलेलं. सातवी झाल्यावर, म्हणजे १९७३ च्या मे महिन्यात, ते १.२० ला विकायचं होतं. मी पहिल्या पानावर खाकी कागदाची पट्टी डकवली, आधीचं नाव झाकलं, त्यावर माझं नाव ऐटीत लिहिलं आणि पहिला मालक होऊन १.८० ला विकलं. घेणारा पसरणीहून चालत येणारा मुलगा, आमच्या मागच्या वर्गातला. त्याची आई हळदीच्या वखारीत कामाला जायची. त्याने रुमालाच्या गाठीतून पैसे काढले ते दहा-दहा पैशांत. जास्तीच्या साठ पैशांचे मी बर्फाचे गोळे खाल्ले. सगळे एकाच आठवड्यात.

जूनमध्ये शाळा उघडली आणि शिपाईमामांनी बोलावलं. मामा घंटा द्यायचे, पाणी भरायचे आणि मधल्या सुट्टीनंतर जिन्याखालच्या खोलीत पुस्तकं बांधायचे. ग्रंथालयाची फुकट, मुलांची दहा पैशांत. त्यांच्या मांडीवर ते गणित उघडं पडलेलं. माझी पट्टी सुटून बाजूला ठेवलेली.

"हा कागद तू लावलास?"

मी मान हलवली.

"खळ पातळ होती. घट्ट करायची असते."

एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी उभाच. शेवटी विचारलं, "सरांना सांगणार का मामा?"

"सरांचा काय संबंध? पैसे त्या पोराचे गेलेत. एका पुस्तकाचे मी दहा घेतो. सहा पुस्तकं बांध."

सहा पुस्तकं बांधायला मला आठ दिवस लागले. आधी गंजलेल्या पिना उचकटायच्या, त्यासुद्धा पान न फाटता. मग पानं ठोकून कडा सारख्या करायच्या. मामा म्हणायचे, डोळ्यांनी बघू नको, अंगठा फिरव. दाभणाने तीन भोकं, मधलं आधी. दोरा मेणावरून दोनदा ओढायचा, म्हणजे तो पकडून राहतो आणि कागद कापत नाही. शिलाई मधल्या भोकातून सुरू करायची, वर, परत मध्ये, खाली आणि गाठ आतल्या बाजूला. मग पाठीवर मांजरपाटाच्या जाड कापडाची पट्टी. पुठ्ठा वह्यांच्या खोक्याचा, रापीने कापलेला. खळ गव्हाच्या पिठाची, शिजताना त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागद खाणारी कसर लागत नाही. निळसर झाक आली की पुरे. "बोटं चाटू नको रे, विष आहे ते!" हे मामा रोज सांगायचे, जसा काही मी खळीला टपून बसलोय. शेवटी सगळी पुस्तकं पाटाखाली आणि पाटावर कृष्णेच्या घाटावरून आणलेला मोठा गोटा, रात्रभर.

सकाळी तो गोटा उचलायचा मान माझा. पाट बाजूला केला की दाबलेली, ताठ, किंचित ओलसर पुस्तकं. वासाला पीठ आणि जुना कागद. पहिल्या दिवशी मी त्यातलं एक उघडून मिटून, उघडून मिटून बघत बसलो आणि प्रार्थना चुकली. त्याची छडी मात्र खावी लागली. तिथे मामांनी मध्यस्थी केली नाही.

सहाव्या पुस्तकानंतर मामांनी साठ पैसे माझ्या हातावर ठेवले. मी ते पसरणीच्या मुलाला नेऊन दिले आणि सगळं सांगितलं. त्याने मोजून घेतले, खिशात टाकले आणि विचारलं, "दुपारी नदीवर येतोस का?"

शिक्षा संपली होती, पण नवव्या दिवशीही मी जिन्याखाली गेलो. मामांनी न विचारता दाभण पुढे सरकवला. दहावीपर्यंत दर जूनमध्ये हेच. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढून रफ वही शिवायलाही तिथेच शिकलो. एका वहीत एकरेघी, दुरेघी, चौकटी अशी सगळी पानं एकत्र. सर चिडायचे, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. १९७५ मध्ये वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना नियंत्रित दरात वह्या-पुस्तकं द्यायचं कलम आलं, तेव्हा मामा म्हणाले, "आता तुझी रफ वही बंद." झाली नाही.

१९७६ साली मी दहावी झालो आणि त्याच वर्षी मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली हे एवढं काम आपल्या वाईत चाललेलं, गावाला केवढा अभिमान! शाळेच्या ग्रंथालयात खंड आला तेव्हा मी मामांना भेटायला गेलो होतो. सगळे मजकूर चाळत होते. मामांनी तो दोन्ही हातांत तोलला, बरोबर मध्ये उघडला, पाठ वाकवून आत बघितलं आणि म्हणाले, "शिलाई पक्की आहे." विश्वकोशाचं याहून नेमकं परीक्षण माझ्या वाचनात नाही.

पुढे बँकेत छत्तीस वर्षं गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात. चांगलंच आहे; पसरणीच्या त्या आईला रुमालाची गाठ सोडावी लागली नसती. मध्यंतरी, २०२३ पासून, पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायला सुरुवात झाली होती. पुतण्याच्या मुलाची ती पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा मी चाळून बघितली. निम्मी पानं कोरीच! रद्दीवाल्याला थांबवलं, पानं काढून घेतली आणि दोन जाड रफ वह्या शिवल्या. फोन आला तेव्हा शिजत होती ती खळ त्यांच्याच पुठ्ठ्यांची. दाभण मामांचा आहे. निवृत्त होताना त्यांनी दिला. त्याची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या जागी झिजलेली आहे, माझा अंगठा तिथे नीट बसत नाही.

संपादक मंडळाला एक विनंती. स्मरणिकेला मध्ये दोन पिना मारणार, असं फोनवर कळलं. खर्चाचं मी समजू शकतो. माझी प्रत मात्र पिना न मारता, पानं सुटी ठेवून पाठवा. टपालखर्च मी देईन.