चौदा दिवसांची गोळी

काल रविवारी तालुक्याच्या सीएमईला, म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या उजळणी-प्रशिक्षणाला, गेलो होतो. खरं सांगायचं तर तिथं मिळणाऱ्या पॉइंटसाठी. पाच वर्षांत 30 भरले नाहीत तर रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पंचाईत. (जेवणात बासुंदी आहे हेही कळलं होतं.)

विषय लहान मुलांचे जुलाब. म्हटलं, यात काय नवीन? तर बालरोगतज्ज्ञ मॅडमनी थेट विचारलं, "ओआरएससोबत झिंक (जस्त) किती जण देता? आणि किती दिवस?" माझा हात अर्धाच वर गेला. देतो, पण जुलाब थांबले की बंद. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं 2004 मध्येच सांगितलं होतं: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखालच्याला 10, आणि 10 ते 14 दिवस पूर्ण. कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही त्यानं कमी होतात. इतकी जुनी गोष्ट, पण माझ्या प्रिस्क्रिप्शनपर्यंत अजून पोचायची होती!

आज सकाळी पहिलाच पेशंट जुलाबाचा. दीड वर्षाचा पोरगा, सोबत आजी. "डॉक्टर, सलाईन लावा, नुसत्या पाण्यानं काय होतंय?" पोरगं तर हातातलं बिस्कीट सोडत नव्हतं. तिथंच लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी कालवून वाटी-चमच्यानं पाजायला लावलं. सवयीनं अँटिबायोटिककडे सरकलेलं पेन थांबवलं. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवायची, चौदा दिवस चुकवायची नाही, असं तीनदा सांगितलं.

आजी निघताना म्हणाल्या, "बरं वाटल्यावर औषध कोण देतं हो?"

परवापर्यंत मीही तेच म्हणत होतो, हे काही त्यांना सांगितलं नाही.