एका राज्यापुढे दोन-दोन सालं का?

एक प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांनी लिंकनच्या कितीतरी आधी गुलामगिरी बंद केली म्हणतात, मग न्यूयॉर्कपुढे कुठे १७९९ लिहिलेलं असतं, कुठे १८२७. पेनसिल्व्हेनियापुढे १७८० आणि १८४७. खरं साल कोणतं? जरा तपशिलात जाऊ.

दोन्ही खरी. दुसरं साल उरलेले गुलाम प्रत्यक्ष मोकळे झाले त्याचं. पहिलं साल कायदा झाला त्याचं. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी हयात गुलामांपैकी जवळपास कोणीच सुटलं नाही.

पेनसिल्व्हेनियाचा १ मार्च १७८० चा कायदाच घ्या. पुढच्या राज्यांनी याच पद्धतीचे कायदे केले. कायदा झाल्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल गुलाम नाही, पण वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत त्याने आईच्या मालकाकडे राबायचं. आदल्या दिवशी जन्मलेलं मूल मात्र जन्मभर गुलाम. आधीच्या मसुद्यात मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी २१ ही वयं होती. ती वाढत वाढत २८ वर गेली. मालकाला सरकारने पैसे दिले नाहीत. त्याची भरपाई त्या मुलाच्या अंगमेहनतीतून वसूल झाली. माझ्या मते या साऱ्या कायद्यांचं मर्म एवढंच आहे.

आता हिशेब करून बघा. १७७९ साली जन्मलेल्या, जन्मभर गुलाम असलेल्या बाईला १८१५ मध्ये मूल झालं, तर ते सुटणार १८४३ मध्ये. १८४० च्या जनगणनेत पेनसिल्व्हेनियात ६४ गुलाम सापडतात ते अशा कायद्यामुळे. १८४७ साली उरलेसुरले मोकळे झाले.

या कायद्याचं धारदार कलम नोंदणीचं होतं. मालकाने १ नोव्हेंबर १७८० पर्यंत कोर्टाच्या कारकुनाकडे गुलामाचं नाव, वय, स्त्री की पुरुष, हे लिहून द्यायचं आणि माणशी दोन डॉलर भरायचे. मुदत चुकली की गुलाम मोकळा. दिवस उलटून गेल्यामुळे काही जण खरोखरच सुटले.

पळवाटाही लगेच निघाल्या. गरोदर बाईला प्रसूतीसाठी राज्याबाहेर न्यायचं, म्हणजे मूल तिकडे जन्मून गुलामच राहील. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने राज्यात राहिला की मोकळा होई, म्हणून मुदत भरण्याआधी त्याला सीमेपलीकडे फिरवून आणायचं. १७८८ च्या दुरुस्तीने हे बंद केलं, तरी राजधानी फिलाडेल्फियात असताना खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी माणसं अशी फिरवली. त्यांच्याकडची गुलाम बाई ओना जज १७९६ मध्ये तिथूनच पळाली.

न्यूयॉर्कने १७९९ साली ४ जुलैनंतर जन्मलेल्यांसाठी मुलगे २८, मुली २५ असं ठरवलं. मग १८१७ च्या कायद्याने आधी जन्मलेल्यांनाही ४ जुलै १८२७ ही तारीख दिली. त्यातून विचित्र अवस्था आली: आई मोकळी, आणि तिचं लेकरू अजून मालकाच्या बंधनात. शिवाय मुदत संपण्याआधी मुलं दक्षिणेत विकण्याचा चोरटा धंदा चाले. पुढे गुलामगिरीविरोधी वक्ती म्हणून गाजलेल्या सोजर्नर ट्रुथचा मुलगा पीटर असाच अलाबामात पोहोचवला गेला. तिने कोर्टात जाऊन १८२८ मध्ये त्याला परत मिळवलं. अशी दाद फार थोड्या आयांना मिळाली.

न्यू जर्सीने तर कमाल केली. १८०४ चा कायदा याच पद्धतीचा. १८४६ साली उरलेल्या गुलामांना ‘जन्मभराचे शिकाऊ’ ठरवलं, म्हणजे नाव बदललं, बंधन तेच. १८६० च्या जनगणनेत असे १८ जण होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये असा कायदा झालाच नाही. १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत, असं वाक्य होतं. तेच धरून मम बेट या गुलाम बाईने कर्नल जॉन ॲश्लीवर दावा लावला आणि १७८१ मध्ये जिंकला. नंतर क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात, १७८३ साली, न्यायमूर्ती कुशिंग यांनी गुलामगिरी घटनेत बसत नाही असं ज्यूरीला सांगितलं. कोर्ट आपल्या पाठीशी नाही हे कळल्यावर मालकांचा हक्कच उरला नाही. १७९० च्या जनगणनेत तिथे गुलामांचा आकडा शून्य आहे.

यादवी युद्धातला भाग थोडक्यात. लिंकनची १८६३ ची घोषणा बंडखोर, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या प्रदेशापुरती होती, म्हणून संघराज्यात राहिलेल्या गुलाम-राज्यांना स्वतः निर्णय करावा लागला. मेरीलंडने १८६४ साली नवी घटना मतदानाला टाकली. ती जेमतेम ३७५ मतांनी निभावली, तीही छावण्यांतल्या सैनिकांची मतं मोजल्यावर. मिसुरीने जानेवारी १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द केली. केंटकी आणि डेलावेअरने शेवटपर्यंत काहीच केलं नाही. तिथे साल लिहायचं ते १८६५, देशभर गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचं. त्या दुरुस्तीला डेलावेअरने मंजुरी दिली १९०१ मध्ये, केंटकीने १९७६ मध्ये.