वागळे इस्टेट हार्डकोर वही : गणपती ते डिसेंबर

आमच्या ठाण्याच्या हार्डकोर बँडची (हार्डकोर म्हणजे पंकचा वेगवान, आक्रमक प्रकार) मागची नोंद पावसाळ्यात लिहिली होती. तेव्हा ड्रमर नव्हता, माझा आवाज दुसऱ्याच गाण्यात बसायचा आणि जॅमपॅडचं (सरावाच्या खोलीचं) भाडं कुणी किती द्यायचं यावर वाद चालू होता. आता ड्रमर आहे, सेट, म्हणजे सलग वाजवायची गाणी, अठरा मिनिटांचा झालाय (हार्डकोरमध्ये अठरा मिनिटं म्हणजे पूर्ण सेट, नवीन मंडळींनी हसू नये) आणि भाड्याचा वाद अजून चालूच आहे.

ड्रमर ढोल-ताशा पथकातून आलीये, कळव्याची. पथकात मुली असतात हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. पण मी पाहिलेल्या पथकांत मुली ढोलावर, ध्वजावर. ताशावर क्वचित एखादी. हिने भांडून ताशा घेतला होता. तर्री, म्हणजे ताशावरचे सलग जलद ठोके, काढणाऱ्या मनगटाला स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा ड्रम) म्हणजे किरकोळ काम. अडचण पायाची होती, कारण पथकात पायाला चालण्यापलीकडे काही काम नसतं. आम्हाला हवा होता डी-बीट हा ताल, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज बँडने रूढ केलेला. स्नेअर दोन आणि चारवर ठाम, किक (पायाने वाजणारा ड्रम) मात्र पहिल्या ठोक्यानंतर मधल्या फटींत घुसते. १५० बीपीएमला (मिनिटाला ठोके) सुरुवात केली, आता १७६ ला मेट्रोनोमच्या क्लिकसोबत स्वच्छ वाजतं. १८५ ला नडगी आखडते. टाच उचलून वाजवायला लागल्यापासून बराच फरक आहे. कुणाकडे यावर आणखी काही उपाय असेल तर जरूर लिहा, डबल पेडल घ्या हे सोडून.

माझ्या आवाजाचं थोडक्यात. घशातून ओरडणं बंद केलं, फॉल्स कॉर्डवर (खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांवर) आलेय. दुखलं की थांबायचं, हा एकच नियम. सोसायटीत सराव अशक्य, म्हणून कोलशेतच्या बाजूला गाडी लावून काचा वर करून ओरडते. एकदा वॉचमनकाकांनी काच ठोकून "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" विचारलं. तो माणूस मला फार आवडला. आणखी एक, माइकची जाळी मुठीत धरू नका. एसएम ५८ या आमच्या माइकची मागून येणारा आवाज कापण्याची सोय त्याने मोडते आणि छोट्या खोलीत फीडबॅक शिट्टी मारतो. व्हिडिओत दिसतं भारी, ऐकू काहीच येत नाही.

आता मुख्य विषय. डिसेंबरमध्ये आम्ही पहिलं स्वतःचं गिग (गाण्यांचा कार्यक्रम) केलं.

त्याआधी दुसऱ्यांच्या गिगांना जात होतो तेव्हा काय दिसायचं हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. मुलगी दिसली की ती कुणासोबत आलीये हा पहिला प्रश्न. एका जॅमपॅडवर बुकिंग ड्रमरच्या नावावर, पैसे तिने भरलेले, तरी अँप्लिफायरचं काय करायचं हे मालक गिटारवाल्यालाच विचारणार. गिटारवाला बिचारा "तिला विचारा" म्हणायचा, मग मालक त्याच्याकडेच बघून पुढचा प्रश्न. वाजवून झाल्यावर "मुलगी असून काय ओरडतेस!" ही शाबासकी. आणि पिट (स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणं) सुरू झाला की मुली भिंतीला, हातात मित्रांच्या बॅगा, मोबाइल, चष्मे. अमेरिकेतल्या हार्डकोरवाल्या बायकांनी याला 'कोट रॅक' म्हणून ठेवलंय. आपल्याकडे कोट नाहीत, पण लॅपटॉपच्या बॅगा आहेत.

हे सगळं ज्या संगीतात घडतं, ते स्वतःला व्यवस्थेविरुद्धचं म्हणवतं, हे मला सुरुवातीला फार लागायचं. मग जुनं वाचत आणि ऐकत गेले. ब्लॅक फ्लॅग या अमेरिकेतल्या जुन्या हार्डकोर बँडमध्ये किरा रोसलर १९८३ ते १९८५ बेस वाजवत होती. तिचा बेस ऐकायचा म्हणून मी १९८४ चा 'स्लिप इट इन' लावला. बेस जबरदस्त आहे, आणि शीर्षकगीत बाईबद्दल जे बोलतं ते ऐकून कान तापतात. दोन्ही एकाच रेकॉर्डवर. स्टेजवर एक बाई उभी राहिली म्हणून गाण्यातला माणूस बदलत नाही. आपल्याकडेही पोस्टरवर एका मुलीचा फोटो टाकला की आयोजकाला वाटतं, झालं काम.

म्हणून गिग ठरवताना मी एक भूमिका धरून बसले होते. घोषणा नकोत, टी-शर्टवरची वाक्यं नकोत. मुली का येत नाहीत ते एकेकीला विचारू आणि तेवढंच दुरुस्त करू. बँडमधल्या मुलांना वाटलं होतं उत्तरं मोठी येतील. आली ती अशी: संपतं किती वाजता? संडास आहे का? दारू असते का, घरी काय सांगू? ओळखीचं कुणी नसेल तर उभी कुठे राहू?

वेळेपासून सुरुवात केली. बारमधली गिग साडेनऊला सुरू होतात, आपला नंबर लागेपर्यंत अकरा. ऐरोलीच्या मुलीने ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची की एनकोअर ऐकायचं? शिवाय महाराष्ट्रात बिअरलाही वयाची अट २१ आहे, म्हणजे बारवाला अकरावी-बारावीच्या पोरांना दारातच अडवणार. वॉशिंग्टनच्या पोरांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न हातावर मोठी काळी फुली मारून सोडवला होता. फुली असलेल्याला दारू द्यायची नाही, पण आत सोडायचं. न्यूयॉर्कमध्ये सीबीजीबी क्लबच्या रविवारच्या मॅटिनी (दुपारचे शो) मारामाऱ्यांनी बदनाम झाल्यावर एबीसी नो रिओ या जागेत शनिवारी दुपारचे शो सुरू झाले. वंशवादी, स्त्रीद्वेष्टे, समलैंगिकांचा द्वेष करणारे बँड घ्यायचे नाहीत, असं त्यांचं उघड धोरण होतं. दुपारची वेळ मला त्या धोरणाइतकीच महत्त्वाची वाटते, भले तिचं श्रेय कुणी घेत नसेल.

आम्ही रविवारी चार ते आठ ठेवलं. वागळे इस्टेटमधला एक गाळा, एरवी पॅकिंगचं काम चालतं, रविवारी बंद. औद्योगिक भागात दिवसा आवाजाची मर्यादा ७५ डेसिबल आहे, निवासी भागात ५५. आम्ही ७५ च्या आत होतो असा माझा दावा नाही. पण शेजारचे गाळे बंद होते आणि शटर अर्धं खाली होतं.

दारू नाही. आमच्या बेसवाल्याला यात स्ट्रेट एजचं (दारू आणि नशा नको) तत्त्वज्ञान दिसतं, तो वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट बँडचा भक्त आहे. माझ्यासाठी उपयोग साधा होता: 'दारू नाही, आठला संपतं' हे वाक्य मुलींना घरी सांगता आलं. मायनर थ्रेटच्या इयन मॅकायने १९८१ मध्ये आलेलं 'स्ट्रेट एज' हे गाणं लिहिताना कळव्यातल्या आईचा विचार केला नसणार, पण चाललं.

संडास. याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण गिगच्या हिशेबात सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच झाला. गाळ्याला एकच संडास, दाराला कडी नाही, आत दिवा नाही. पॅकिंगचे कामगार सगळे पुरुष, त्यांचं चालून जात होतं. आम्ही कडी बसवली, बल्ब लावला, बादली, मग, साबण, झाकणाचा डबा आणि पॅडचं एक पाकीट ठेवलं. सगळं मिळून एका गिटारच्या तारांच्या सेटएवढा खर्च. कडी बसवायला गिटारवाल्याला पाठवलं तर त्याने आत आणि बाहेर दोन्हीकडे बसवली. बाहेरची मी लगेच काढायला लावली. का, हे त्याला समजावून सांगावं लागलं. बाहेरून कुणी कोंडेल ही शक्यता त्याच्या डोक्यात आलीच नव्हती, माझ्या डोक्यात ती सगळ्यात आधी आली.

बॅगांसाठी दारापाशी टेबल आणि टोकन. टेबलावर बसायच्या पाळ्या फक्त मुलांच्या. यावर थोडी कुरकूर झाली की ही उलटी विषमता आहे. म्हटलं, असू दे.

पिटसाठी जमिनीवर पिवळी टेप लावून चौकोन आखला. आत नाचणारे, बाहेर उभे राहणारे. ट्यूबलाइट एक ओळ चालूच ठेवली. अंधार नसेल तर माहोल जातो असं म्हणणारे बरेच निघाले. अंधारात कुणाचा हात कुठे जातो हे ज्यांना कधी सहन करावं लागलं नाही, त्यांना माहोल स्वस्त पडतो.

मुलींना पुढे बोलवावं का, यावर आमच्यात एकमत नव्हतं. बिकिनी किल बँडची कॅथलीन हॅना नव्वदच्या दशकात स्टेजवरून मुलींना पुढे यायला सांगायची हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच बाजूची. ड्रमर म्हणाली, "ताई, मला कुणी पुढे बोलवू नका, माझी जागा मागेच आहे." विनोद होता, पण पूर्ण विनोद नव्हता. पथकात तिला ताशा मिळाला तो मुलगी म्हणून ठेवलेल्या जागेवर नव्हे, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलींच्या घोळक्यात पुढे उभं राहणं तिला परकं वाटतं हे तिने नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं. मला स्पिटबॉय आठवला, १९९० साली सुरू झालेला सॅन फ्रान्सिस्को बे एरियातला सगळ्या बायकांचा बँड. त्यांनी स्वतःला रायट गर्ल (पंकमधली स्त्रीवादी चळवळ) म्हणवून घ्यायला नकार दिला होता आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती. त्यांची ड्रमर मिशेल गोन्झालेस मेक्सिकन वंशाची; आजूबाजूच्या गोऱ्या मुलींच्या स्त्रीवादात आपलं निम्मं आयुष्य दिसतच नाही, अशा अनुभवांवर तिने पुढे पुस्तक लिहिलं. हिरानंदानीतून येणारी मी आणि कळव्याहून येणारी ती, एकाच बँडमध्ये असलो तरी 'मुली' म्हणून एका टोपलीत बसत नाही. शेवटी पुकारा केला नाही. टेपचा चौकोन होता, ज्यांना यायचं त्या आल्या. आणि दुसऱ्या बँडच्या वेळी पिटमध्ये सर्वांत जोरात घुसणारी कॉलेजची एक मुलगीच होती, तिच्यापासून एका मुलाने चष्मा वाचवला.

आमच्या सेटमध्ये एकदा थांबावं लागलं. एक जण टेपच्या बाहेर जाऊन कडेला उभ्या असलेल्यांवर हातपाय झोडत होता. क्राउड-किलिंग म्हणतात, काही शहरांत ती शैलीच आहे. आमच्याकडे नाही. गाणं मध्येच तोडलं. फुगाझी बँडवाले पाच डॉलरचं तिकीट ठेवायचे आणि असा माणूस दिसला की वादन थांबवून, पाच डॉलर परत करून त्याला बाहेर काढायचे. आमचं तिकीट दीडशे रुपये. पाकिटात सुट्टे वेगळे ठेवले होते. दीडशे दिले, "भाऊ, बाहेर चहा घे" म्हटलं. तो गेला, त्याचे दोन मित्रही गेले, त्यांनी पैसे मागितले नाहीत. पुन्हा सुरू करताना ड्रमरने ते गाणं १९० ला उचललं. रागात पाय आखडत नाही असं दिसतंय.

खरं अवघड पुढच्या आठवड्यात आलं. एका मुलीने मला सांगितलं की दुसऱ्या एका बँडमधला मुलगा शाळकरी मुलींना रात्री-बेरात्री मेसेज करतो, तिलाही केले होते. तो बँड आमच्या पुढच्या गिगच्या यादीत होता. ग्रुपवर विषय निघताच ओळखीची वाक्यं आली: सीन केवढासा आहे, आपण सगळे घरचे, घरातलं घरात मिटवू, त्याचं करिअर जाईल. मी ज्या घरात वाढले तिथेही घरातलं घरात मिटवायचे, आणि मिटवायचं म्हणजे मुलीने गप्प बसायचं. वॉर ऑन विमेन बँडची गायिका शॉना पॉटर हिने गिगच्या जागा सुरक्षित कशा करायच्या यावर २०१९ मध्ये पुस्तक लिहिलंय. त्यातला साधा सल्ला, की त्रास झालेल्या व्यक्तीवर विश्वास ठेवा आणि तिला काय हवंय ते आधी विचारा. विचारलं. तिला बदनामी नको होती, पोलीसही तूर्त नको होते, तिला फक्त गिगला यायचं होतं आणि तिथे तो नको होता. मग तो बँड काढला. कारण विचारल्यावर त्यांना सांगितलं, तिचं नाव न घेता. ग्रुपमधून बरेच जण बाहेर पडले. त्यात एक असा आहे ज्याच्या अँपवर मी पहिल्यांदा ओरडले होते. त्याला मी अजून फोन केलेला नाही आणि त्यानेही नाही.

यावर 'दुसरी बाजू ऐकली का' असं लिहायला कुणी बसला असेल तर, ऐकली. तासभर. तिच्यात मेसेज नाकारलेले नव्हते.

पुढचं गिग फेब्रुवारीत, तोच गाळा, चार ते आठ. तीन बँड नक्की झालेत, चौथा शोधतोय. नवी मुंबईचे असाल तर प्राधान्य, कारण ठाण्याचेच तेच तेच लोक वाजवतायत. गाण्यांचे शब्द आधी पाठवा, आम्ही वाचतो. साउंडला बसायला कुणी मुलगी तयार असेल तर सांगा. मिक्सर शिकवायची तयारी आहे, केबल गुंडाळायला मुलं आहेत. आणि कुणाकडे पंधरा इंची मॉनिटर (स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर) पडून असेल तर एका दिवसासाठी हवाय. ने-आण आमच्या टेम्पोने.