पंपाचं ते बारीक भोक

गाडीच्या इंजिनाच्या वॉटर पंपाची पुली धरून हलवली तर चक्क डुगडुगली. बेअरिंग गेलेलं. पंप सुटून हातात आला तेव्हा खालच्या बाजूचं ते बारीक भोक दिसलं, कडेला कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, वाळलेले हिरवट ओघळ.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर ठिबकावं, मालकाला वेळीच कळावं म्हणून. आणि काही महाभाग सीलंट भरून तेच बुजवतात!

बाकी सगळा वेळ जुनं गॅस्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) खरवडण्यात गेला. काढलेलं कूलंट मात्र लगेच झाकून ठेवलं; चवीला गोड, पण कुत्र्यामांजरांना जीवघेणं.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या पट्ट्यावर) चालणारा असेल, तर तुम्ही बेल्टही सोबतच बदलता की चालतोय तोवर चालवता?