खेकडा तोच, मग नाव का बदललं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. स्टाफरूममध्ये विचारलंत, पालकसभेत विचारलंत, परवा गंगापूर रोडला भाजी घेतानाही विचारलंत: मॅडम, खेकडा तोच, चिखल तोच, मग फिडलर खेकड्याचं ‘युका’ हे शास्त्रीय नाव का बदललं? आणि पाठोपाठ हेही, की नाशकात समुद्र नाही, तुम्हाला त्याचं एवढं काय?

समुद्र नाही, पण त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणू गाठता येतं. दर वर्षी मुलांना घेऊन जाते. ओहोटीच्या चिखलात पाय पडला की शेकडो खेकडे बिळात गडप होतात. जरा वेळ हललं नाही की आधी काडीसारखे डोळे वर येतात, मग अख्खा खेकडा. नर एक अवाढव्य नांगी उचलून हलवायला लागतो, दुसऱ्या इवल्या नांगीनं चिखल तोंडात घालत राहतो. हा फिडलर. कोरड्या वाळूवर तिरका पळणारा भुरकट खेकडा तो ओसिपोड. दोघे एकाच कुलातले, ओसिपोडिडी. दुसऱ्या आणि तिसऱ्या चालायच्या पायांच्या बुडाशी भिंगातून बघा, केसांचा झुपका दिसेल. कल्ले ओले ठेवायचं पाणी तिथून आत जातं, म्हणून ही मंडळी पाण्याबाहेर इतका वेळ काढू शकतात.

वर्षानुवर्षं मी शिकवलं: एक नांगी मोठी म्हणजे युका, विषय संपला.

२०१६ मध्ये तैवानचे ह्सी-ते शिह आणि सहकाऱ्यांनी या कुलाची जनुकं तपासली. निघालं असं की काही फिडलर बाकीच्या फिडलरांपेक्षा वाळूवरच्या ओसिपोडला जवळचे आहेत. म्हणजे एका घरातल्या सगळ्या भावंडांना युका आडनाव आणि त्याच घरात जन्मलेल्या एकाला मात्र वेगळं. प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं (इंग्रजीत जीनस), नाव म्हणजे नात्याचा दाखला. तो खोटा ठेवायचा का? त्यांनी युकाच्या अकरा प्रजाती केल्या. आपल्याकडचा ॲन्युलिपेस नावाचा फिडलर त्यातल्या ऑस्ट्रुका प्रजातीत गेला.

आता जे सांगायचं टाळत आले ते.

२०१८ ची प्रॅक्टिकल परीक्षा. स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या भागात, सातव्या नंबरवर फॉर्मॅलिनच्या बाटलीतला फिडलर ठेवला होता, मोठी नांगी गळून तळाशी पडलेली. एका मुलीनं उत्तर लिहिलं, ‘ऑस्ट्रुका’. मी लाल पेनानं काट मारली. दोन गुण गेले. पेपर झाल्यावर ती आली, हातात प्रिंट काढलेले कागद. म्हणाली, “मॅडम, हे दोन हजार सोळाला बदललंय.” मी तेव्हा जर्नलांच्या गठ्ठ्यावर सह्या करत होते. मान वर न करता म्हटलं, “जर्नलमध्ये लिहून दिलंय तेच लिहायचं. परीक्षेत शहाणपणा नको.” तिनं कागदांची घडी घातली, मग आणखी एक, आणखी एक, आणि ते कंपासपेटीत कोंबून झाकण दाबलं. ते झाकण बसेना. ती तशीच उघडी पेटी हातात धरून गेली.

अभ्यासक्रमात युका होतं. बाहेरच्या परीक्षकांनीही काटच मारली असती. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं! दोन्ही खरंच आहे. पण ते कागद “दे बघू” म्हणून हातात घ्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो शोधनिबंध वाचला. तोवर गुण पाठवून झाले होते. तिला मी आजवर काहीही कळवलेलं नाही.

वाचल्यावर आणखी एक लागलं. ज्या नावासाठी मी काट मारली, ते तरी कुठे पहिल्यापासून चालत आलेलं? त्याआधी या खेकड्यांना जेलासिमस म्हणत. १८९७ मध्ये खेकड्यांच्या अभ्यासक मेरी रॅथबन यांनी युका परत आणलं. आज त्यातल्या काहींचं नाव पुन्हा जेलासिमस झालंय.

तरी सगळं पटलंय असं समजू नका. जोसलिन क्रेन यांचा १९७५ चा जगभरच्या फिडलरांवरचा ग्रंथ सगळा युका नावानं आहे; आजच्या पोरानं ऑस्ट्रुका शोधलं तर तिथवर पोचणार कसं? दुसरा रस्ता होता, सगळ्यांना ओसिपोडमध्येच घालायचं, कारण जुनं नाव टिकतं, आणि ते नाव १७९५ चं, युका १८१४ चं. नात्याच्या हिशेबात तेही चुकलं नसतं. पण मग चिखलातला नांगी हलवणारा आणि वाळूवर सुसाट पळणारा, दोघांना एकच नाव. तेही मला सहन होत नाही. आणि मोठी नांगी दोनदा वेगवेगळी आली, की ओसिपोडच्या पूर्वजाकडे होती आणि गेली? वर्गात हे कोणी विचारलं की मी फळ्यावर दोन्ही आकृत्या काढते आणि त्यांच्यापुढे काहीच लिहीत नाही.

बाटलीवर आता माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: ‘ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस, पूर्वी युका’. हे ‘पूर्वी’ ठेवावं की खोडावं, यावर माझं माझ्याशीच पटत नाही. गेल्या वर्षी खोडलं होतं. यंदा पुन्हा लिहिलंय.